धातूच्या किटमधून वाफेचे इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सतरा वर्षे मी दादरच्या दोन खोल्यांच्या घरात धातूच्या किटमधून रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांची लहान, विजेवर धावणारी मॉडेले बांधतो आहे. नव्याने सुरुवात करणारे फोनवर, लोकलमध्ये, कधी जिन्यात गाठून साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरे फार लांबली आहेत, कारण तिथेच सगळ्यात जास्त किटे अर्धवट सुटतात.

किटच्या खोक्यात नक्की काय असते?

खोके उघडले की आधी हाती येतो पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा सपाट पत्रा, पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचा. टाक्यांच्या बाजू, केबिन, फ्रेम, कपलिंग रॉड असे सगळे भाग त्यात अ‍ॅसिडने कोरून काढलेले असतात आणि बारीक दांड्यांनी चौकटीला धरून राहिलेले असतात. घडी घालायची तिथे पत्रा निम्म्या जाडीपर्यंतच कोरलेला असतो. घडी घालताना ती रेघ आतल्या बाजूला ठेवायची आणि नंतर तिच्यात सोल्डर भरायचे, म्हणजे कोपरा पक्का होतो.

सोबतच्या पिशवीत धुरांडे, घुमट, बफर असे ओतीव भाग असतात, व्हाइट मेटलचे (सहज वितळणारा मऊ मिश्रधातू) किंवा पितळेचे. जुन्या पद्धतीच्या किटमध्ये अख्खे वरचे अंगच व्हाइट मेटलचे असते. चाके, मोटर आणि गिअर बऱ्याच किटमध्ये नसतात, ते वेगळे घ्यावे लागतात. पैसे भरण्याआधी ती ओळ नीट वाचा.

तयार इंजिन मिळते, मग हा खटाटोप कशाला?

तयार इंजिने आज उत्तम मिळतात आणि दिसायलाही देखणी असतात. पण जे इंजिन कोणत्याच कारखान्याने लहान आकारात काढले नाही, ते हवे असेल तर बांधावेच लागते. शिवाय स्वतः बांधलेले इंजिन कुठे अडले तर का अडले हे कळते. आतला प्रत्येक सांधा आपल्या हाताखालून गेलेला असतो, त्यामुळे वीस वर्षांनीही ते उघडून दुरुस्त करता येते. मला स्वतःला धातूचे वजनही आवडते. मुठीएवढे इंजिन तळहातावर घेतले की ते जड लागते, आणि रुळांच्या जोडावरून जाताना त्याचा आवाजही वेगळा येतो.

पहिले इंजिन कोणते घ्यावे?

सहा चाकांचे टँक इंजिन (पाणी आणि कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारे), ज्याचे सिलिंडर फ्रेमच्या आत आहेत असे. बाहेरचे सिलिंडर, क्रॉसहेड आणि वाल्व्ह गिअरच्या नाजूक दांड्या त्यात नसतात. प्रत्येक बाजूला तीन चाकांना जोडणारे कपलिंग रॉड तेवढे सांभाळायचे. कोळसा-पाण्याचा मागचा डबा, म्हणजे वेगळा टेंडरही नसतो.

ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ५७०० वर्गाचे पॅनियर टँक (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेले) हे याचे चांगले उदाहरण. १९२९ ते १९५० या काळात अशी ८६३ इंजिने बनली, त्यामुळे फोटो आणि नकाशे भरपूर मिळतात. त्यांतली काही लंडन ट्रान्सपोर्टने विकत घेऊन १९७१पर्यंत चालवली. दुसरा पर्याय ब्रिटनच्याच एलएमएस रेल्वेची ‘जिन्टी’ म्हणून ओळखली जाणारी ३एफ इंजिने, ती ४२२ होती. मापाचे म्हणाल तर ओओ स्केल घ्या, म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर. भाग हाताला लागतात, डोळ्यांना दिसतात आणि चाका-मोटरींची निवड मोठी असते.

पॅसिफिक जातीचे मोठे एक्सप्रेस इंजिन पहिल्याच दमात घेऊ नका. पहिल्या इंजिनात शिकायचे असते ते चौकोनी फ्रेम आणि स्वच्छ सांधा, आणि ते लहान इंजिनातही तेवढेच शिकायला मिळते.

मला आपले भारतीय इंजिन करायचे आहे. डब्ल्यूपी (ब्रॉडगेजचे मोठे एक्सप्रेस इंजिन) किंवा माथेरानचे. जमेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. मुंबईत वाफेच्या इंजिनाची आठवण तशी दूरची आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी वाफेवरच धावली, पण ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरूही झाली. माझ्या पिढीतल्या मुंबईकराला वाफेचे इंजिन आठवते ते सुट्टीत गावी जाताना. मला आठवते मनमाडच्या यार्डातले. पहाटे खिडकीतून दिसलेले काळे धूड, त्याच्या पोटाखालून बाजूला सुटणारी वाफ, आणि आईने डोळ्यातला कोळशाचा कण पदराच्या टोकाने काढला ते.

आता मापे पाहू. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. चार मिलिमीटरच्या स्केलला ते बरोबर २२ मिलिमीटर होते. बाजारात मिळणारा ओओचा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा असतो, तो ब्रिटिश रुळांनाही खरे तर अरुंदच आहे, तिथे १८.८३ हवेत. त्यामुळे डब्ल्यूपी खऱ्या रुंदीचे करायचे तर रूळही स्वतः घालावा लागतो आणि धुऱ्या (अ‍ॅक्सल) वेगळ्या लांबीच्या करून घ्याव्या लागतात. अवघड आहे, पण लेथवर काम करणारा कोणी ओळखीचा असेल तर जमते. दुसरी वाट म्हणजे इंजिन काचेच्या कपाटात ठेवण्यापुरते करणे. डब्ल्यूपीचे रूप त्या मेहनतीला पात्र आहे. १९४७मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याकडून आलेली पहिली इंजिने आणि त्यांचे ते बंदुकीच्या गोळीसारखे नाक. मोठी चाके १७०२ मिलिमीटरची, म्हणजे आपल्या स्केलला २२.३.

नॅरोगेजला हे गणित खूप सोपे होते. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी होती, ७६२ मिलिमीटर. १:८७ या एचओ स्केलला ते ८.७६ येते आणि नऊ मिलिमीटरचा एन गेजचा रूळ त्याला जवळजवळ चपखल बसतो. नेरळ-माथेरान दोन फुटी, चार मिलिमीटरच्या स्केलला आठ. तिथे नऊचा रूळ वापरला तर एक मिलिमीटर जास्त, आणि तेवढे डोळा सांभाळून घेतो. माथेरानची ओरेनस्टाइन अँड कोपेलची सहाचाकी इंजिने मात्र दिसतात तितकी साधी नाहीत. घाटातल्या तीव्र वळणांसाठी त्यांच्या टोकाच्या धुऱ्या क्लीन-लिंडनर पद्धतीने बाजूला सरकणाऱ्या केल्या होत्या. ती रचना मॉडेलमध्ये आणण्याचा हट्ट पहिल्या खेपेला धरू नका. दार्जिलिंगच्या बी वर्गाची किटे नऊ मिलिमीटरच्या रुळासाठी निघाली आहेत, भारतीय इंजिनाची सुरुवात तिथून करणे शहाणपणाचे.

हत्यारे कोणती आणि मुंबईत कुठे?

मुंबईत राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. हे काम निम्मे सोनाराचे आणि निम्मे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे आहे, आणि दोघांचेही बाजार आपल्याकडे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत सोनारांची हत्यारे विकणारी दुकाने आहेत. तिथून सोनारी करवतीची चौकट, तिची पाती, बारीक कानशींचा संच, चपट्या तोंडाची पक्कड आणि पितळी तारांचा ब्रश घ्या. कानस घेताना बोटाच्या पेरावरून हलकेच फिरवून पाहा, चांगली कानस कातडीला धरते. नागदेवी स्ट्रीटवर अर्धा मिलिमीटरपासूनचे ड्रिल, पिन व्हाइस, छोटा स्टीलचा गुण्या आणि व्हर्नियर मिळेल. लॅमिंग्टन रोडवर तापमान ठरवता येईल असे सोल्डरिंग स्टेशन घ्या, साठ वॅटच्या आसपासचे. पंचवीस वॅटचे साधे आयर्न या कामाला पुरत नाही. पितळ उष्णता इतकी भराभर खेचून घेते की सांध्यापाशी सोल्डर वितळायच्या आत अख्खा पत्रा तापतो आणि आधीचा सांधा सुटतो.

एक वस्तू कुठल्याच यादीत नसते पण मला सगळ्यात उपयोगी पडली: काचवाल्याकडून कापून आणलेला आठ मिलिमीटर जाड काचेचा तुकडा, वितीएवढा. सपाटपणाची परीक्षा त्याच्यावर होते.

कोणते सोल्डर आणि कोणता फ्लक्स?

आपल्या आजीच्या काळात कल्हईवाला दारात यायचा. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा, आणि काळे पडलेले पातेले आतून चांदीसारखे व्हायचे. धातू स्वच्छ आणि पुरेसा गरम असला की कथील आपोआप पसरते, एवढेच त्यामागचे तत्त्व. आपले झाळकाम त्याच तत्त्वावर चालते, फक्त नवसागराच्या जागी फ्लक्स म्हणून फॉस्फोरिक अ‍ॅसिड येते.

पितळ आणि जर्मन सिल्व्हरसाठी साठ-चाळीसचे कथील-शिसे सोल्डर, जे १९० अंशांच्या आत पूर्ण वितळते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तारेत राळेचा फ्लक्स भरलेला असतो, तो वायरिंगला ठीक, पण पत्र्यावर जळून तपकिरी डाग पाडतो. आत फ्लक्स नसलेली तार मागून घ्या. फ्लक्स म्हणून फॉस्फोरिक अ‍ॅसिडचे सुमारे बारा टक्क्यांचे द्रावण वापरा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत पंच्याऐंशी टक्क्यांचे अ‍ॅसिड मिळते. दहा भाग पाण्यात एक भाग अ‍ॅसिड हळूहळू सोडायचे. नेहमी पाण्यात अ‍ॅसिड. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका. परदेशातून द्रवरूप फ्लक्स मागवायला जाऊ नका, असे पदार्थ विमानाच्या टपालाने पाठवत नाहीत.

पद्धत अशी. दोन्ही कडा काचतंतूंच्या ब्रशने घासून चकचकीत करा. पितांबरी किंवा चिंच लावूनही काळपटपणा जातो, फक्त नंतर खळखळून धुवा. दोन भाग जागेवर धरा, बारीक कुंचल्याने फ्लक्सचा एक थेंब सोडा, आयर्नच्या टोकावर तांदळाच्या कणीएवढे सोल्डर घ्या आणि सांध्याला टेकवा. फ्लक्स चुरचुरतो, आणि त्याच क्षणी सोल्डर सांध्यात आत ओढले जाते. ते दिसले की आयर्न उचला. सोल्डर गोळा होऊन वरच बसले तर जागा मळकी आहे किंवा पुरेशी तापलेली नाही. वरून आणखी सोल्डर लावून काही साधत नाही.

लांब कड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत नेऊ नका, पत्रा तापून वाकतो. आधी मधोमध एक टाका, मग दोन्ही टोकांना, मग मधल्या जागी, शिवणकामातल्या कच्च्या टाक्यांसारखे. सगळे सरळ आहे याची खात्री झाली की मगच सांधा भरा.

व्हाइट मेटलचा भाग वितळून गेला. आता?

माझ्या पहिल्या किटचे धुरांडे असेच गेले. आयर्न ३५० अंशांवर होते आणि मी पितळेच्या सवयीने टोक टेकवले. आधी कड चमकली, मग ओठ खाली झुकला, आणि मी हात मागे घेईपर्यंत अर्धे धुरांडे थेंब होऊन टेबलावर पडले होते. असा भाग दुरुस्त होत नाही. किट बनवणाऱ्याला पत्र लिहा, सुटे ओतीव भाग बरेचजण देतात.

पुढच्या वेळी सत्तर अंशांना वितळणारे सोल्डर वापरा आणि आयर्न १५० ते १८०च्या दरम्यान ठेवा. हे सोल्डर नुसत्या पितळेला धरत नाही, म्हणून पितळेवर आधी नेहमीच्या सोल्डरचा पातळ हात द्या, म्हणजे कल्हईच करा. मग व्हाइट मेटलचा भाग ठेवून कमी तापमानाचे सोल्डर लावा. लहानसहान भागांना इपॉक्सीही चालते, त्यात कमीपणा काही नाही.

बांधायला सुरुवात कुठून करायची? सूचनापत्रात वरचे अंग आधी दिले आहे.

माझे स्पष्ट मत आहे की चेसिस (फ्रेम आणि चाकांचा खालचा सांगाडा) आधी बांधावी आणि ती विजेवर सुरळीत धावल्याशिवाय वरच्या अंगाला हात लावू नये. सुंदर रंगवलेले पण जागचे न हलणारे इंजिन मी अनेक घरांत पाहिले आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी दोष फ्रेममध्ये होता आणि तो पहिल्या संध्याकाळीच शिरला होता.

आधी कपलिंग रॉड तयार करा, कारण धुऱ्यांमधले अंतर किती हे तेच ठरवतात. रॉड बरेचदा दोन-तीन थरांचे असतात. थर एकावर एक येण्यासाठी भोकांतून ड्रिलचा मागचा दांडा घालून मग झाळा. तयार रॉड फ्रेमच्या बाजूवर ठेवून पाहा. रॉडची भोके आणि धुऱ्यांची भोके तंतोतंत एकाखाली एक दिसली पाहिजेत. केसाएवढा फरक असेल तर तो आत्ताच, बेअरिंग बसवताना काढा. यासाठी टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या लांब धुऱ्या मिळतात. त्या बेअरिंगमधून घालायच्या, त्यांच्या टोकांवर रॉड अडकवायचे आणि मग बेअरिंग झाळायचे. ओळखीच्या टर्नरकडून अशा तीन धुऱ्या करून घेतल्या तर जन्मभर पुरतात.

आता दोन्ही बाजू आणि मधल्या आडव्या पट्ट्या. सगळ्या पट्ट्यांना फक्त एकेक टाका द्या. फ्रेम काचेवर उभी करा आणि चारही कोपरे बोटाने आळीपाळीने दाबा. कुठेतरी बारीक टिकटिक ऐकू येईल, म्हणजे फ्रेमला पीळ आहे. धुऱ्यांच्या जागी लांब सरळ सळ्या घालून वरून पाहा, त्या एकमेकींना समांतर आणि फ्रेमला काटकोनात हव्यात. गुण्या लावून बघा. पीळ असेल तर हाताने पिळून सरळ करू नका. टाका वितळवा, फ्रेम काचेवर दाबून धरा, गार होऊ द्या. मी एका फ्रेमचे टाके अकरा वेळा सोडवले आहेत आणि ते इंजिन आज माझ्याकडचे सगळ्यात गोड चालणारे आहे.

चाके बसवताना दोन गोष्टी. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर ओओला साडेचौदा मिलिमीटर. आणि एका बाजूचे क्रँक दुसऱ्या बाजूपेक्षा ९० अंशांनी पुढे-मागे. खऱ्या इंजिनात हे असे असते कारण एका बाजूचा पिस्टन टोकाला जाऊन निष्प्रभ झाला की दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असतो, म्हणून इंजिन कुठल्याही जागेवरून निघू शकते. मॉडेलमध्ये नेमक्या ९० अंशांपेक्षाही तिन्ही धुऱ्यांवर तोच कोन असणे महत्त्वाचे. चौकोनी टोकाच्या धुऱ्या असलेली चाके घेतली तर हा कोन आपोआप साधतो. पहिल्या किटसाठी तीच घ्या.

चाके फिरताना एका ठिकाणी अडखळतात.

मोटर लावायच्या आधी ही तपासणी करायची. रॉड न लावता चेसिस काचेवर ठेवून काच थोडी कलती करा, चेसिस आपसूक घरंगळली पाहिजे. मग एका बाजूचे रॉड लावा, पुन्हा पाहा. ते काढून दुसऱ्या बाजूचे लावा. मग दोन्ही. अडखळणे कोणत्या पायरीला सुरू झाले त्यावरून दोषाचे घर सापडते. एकच बाजू लावून अडत असेल तर त्या रॉडचे अंतर चुकले आहे. एकेक बाजू सुरळीत, पण दोन्ही लावल्यावर अडत असेल तर एखाद्या धुरीवरचा कोन सरकला आहे.

शेवटचा उपाय म्हणून क्रँक पिनचे भोक ब्रोचने (भोक मोठे करायची निमुळती सळई) किंचित मोठे करतात. किंचित म्हणजे ब्रोचचे दोन फेरे, मग तपासणी, मग पुन्हा दोन. सगळीच भोके ढिली करून टाकली तर चेसिस फिरेल खरी, पण लंगडत चालेल. क्रँक पिनवर वॉशर झाळताना मध्ये तेल लावलेला पातळ कागद घाला, नाहीतर रॉडही चाकाला चिकटून बसतो.

मोटर आणि गिअर कसे निवडू?

थोडे गणित करा. पॅनियर टँकचे चाक आपल्या स्केलला साडेअठरा मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात इंजिन ५८ मिलिमीटर पुढे जाते. ताशी ६५ किलोमीटरचा वेग ७६ पटीने लहान केला की सेकंदाला साधारण २३७ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला चाकाचे सुमारे २४५ फेरे. बारा व्होल्टवर मिनिटाला तेरा हजार फेरे घेणारी मोटर असेल तर चोपन्नास एकच्या आसपासचा गिअर हवा. शंटिंगच्या इंजिनाला याहून कमी वेगाचा गिअर लावला तरी चालेल, मुंगीच्या पावलाने सरकणारे इंजिन पाहण्यातच मजा आहे.

गिअर बसल्यावर मोटर अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे, भार न देता फिरवून घ्या. तेल अगदी थेंबभर, सुईच्या टोकाने.

इंजिन झटके देत चालते, मध्येच थांबते.

वीज पोचत नाही. शक्यतो सहाही चाकांवरून वीज घ्या. फॉस्फर ब्राँझची पातळ तार चाकाच्या मागच्या बाजूला हलकेच टेकलेली हवी. जोरात दाबली तर तीच ब्रेक होते. मुंबईत धूळ आणि दमट हवा मिळून रुळांवर काळा चिकट थर बसवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाके पुसत राहा.

सगळे नीट असून अचानक शॉर्ट होत असेल तर ब्रेकचे ठोकळे आणि वाळूच्या नळ्या पाहा. धातूचा ठोकळा वळणावर चाकाला टेकला की झाले. मी ठोकळे प्लास्टिकचे करतो.

बॉयलर गोल कसा करायचा?

बॉयलरच्या व्यासापेक्षा बारीक स्टीलची सळई घ्या, कारण पत्रा थोडा उलगडतोच. खाली योगासनाची जुनी चटई दुहेरी घालून त्यावर पत्रा ठेवा आणि पोळी लाटतो तशी सळई दाबून मागेपुढे फिरवा. हात सगळीकडे सारखा पडला पाहिजे. कडा शेवटपर्यंत सपाट राहू पाहतात, त्यांना पकडीने नव्हे तर सळईनेच वळण द्या, पकडीचे वण रंगाखालूनही दिसतात. जोडाची रेघ खाली, फ्रेमच्या बाजूला.

रिव्हेट कसे उठवायचे?

पत्र्याच्या मागे बारीक खळगे असतात. पत्रा कडक पुठ्ठ्यावर ठेवून बोथट टोकाच्या सुईने खळग्यात एकसारखा दाब द्यायचा. हे घडी घालण्याआधी करायचे. रांगेतला एक राहिला तर तो पुढे रोज दिसत राहतो.

डिटेलिंग किती करावे?

एक इंजिन आणि एक तारीख निवडा. नुसते ‘पॅनियर टँक’ बांधू नका. अमुक क्रमांकाचे, अमुक साली, अमुक शेडमधले बांधा, आणि त्याचा फोटो समोर ठेवा. याच वर्गात सुरुवातीच्या इंजिनांच्या केबिनला गोल खिडक्या होत्या, १९३३पासूनच्या ८७५० मालिकेत त्या चौकोनी झाल्या. काहींच्या बॉयलरवर वरून पाणी घेणारा टॉप फीड आहे, काहींच्या नाही. किटमध्ये दोन्ही प्रकारचे भाग दिलेले असतात आणि फोटो न पाहता लावले तर कधीच अस्तित्वात नसलेले इंजिन तयार होते.

माझ्या नजरेला सगळ्यात जास्त फरक पाडते ती हातपकडीची दांडी. किटमध्ये जाड तार दिली असेल तर ती बाजूला ठेवा आणि ०.४ मिलिमीटरची पितळी तार सरळ करून वापरा. सरळ करायला तारेचे एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरे पकडीत, आणि झटका न देता ओढा. तार किंचित लांबल्याचे हाताला जाणवते, त्यानंतर ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ राहते. त्याखालोखाल दिवे अडकवायचे आकडे, व्हॅक्यूमची रबरी नळी, फूटप्लेटखालचे इंजेक्टरचे पाइप आणि कोळसा. कोळशासाठी खराच कोळसा बारीक फोडून चाळून घ्या.

भारतीय इंजिन करत असाल तर समोरचा मोठा दिवा, गाई-गुरे बाजूला सारणारा काउकॅचर आणि केबिनवरचे उन्हापासूनचे छप्पर यांवर वेळ घाला, रूप त्यांनीच येते. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर नेरळ स्थानकापाशी माथेरानचे जुने इंजिन उभे आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचे लहान रेल्वेचे संग्रहालय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात तर दोन दिवसही कमी पडतात. कॅमेरा घेऊन खाली वाका, चाकांमागचे फोटो काढा. पुस्तकात तेच नसतात.

पावसाळ्यात पितळेवर हिरवा थर आला.

आत राहिलेला फ्लक्स. एका जुलैत मी कपाट उघडले आणि मे महिन्यात झाळलेल्या फूटप्लेटच्या कडेने हिरवी बुरशीसारखी रेघ उमटलेली दिसली. त्या संध्याकाळी थकलो होतो म्हणून धुवायचे उद्यावर टाकले होते, आणि तो उद्या दोन महिन्यांनी आला. रोजचे काम संपले की त्याच रात्री, कितीही उशीर झाला तरी, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या दातांच्या ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, केस वाळवायच्या ड्रायरने सुकवा. जून ते सप्टेंबर अर्धवट काम हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

वजनासाठी आत शिसे भरत असाल तर ते सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. त्या गोंदातून निघणाऱ्या आम्लामुळे शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि काही वर्षांनी बॉयलर आतून फाटतो. इपॉक्सी वापरा. वजन तोलून पाहायला इंजिन पेन्सिलीवर आडवे ठेवा, तोल मधल्या धुरीच्या आसपास यायला हवा.

रंग केव्हा आणि कसा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दमट हवेत लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते आणि ती घासून जात नाही. धातूला आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा अस्तराचा रंग, मोटारगाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो. प्रायमरनंतर इंजिनाला उघड्या बोटांनी हात लावू नका.

काळे इंजिन काळ्या रंगाने रंगवू नका. एवढ्या लहान वस्तूवर शुद्ध काळा सगळे बारकावे गिळून टाकतो. गडद राखाडी घ्या, स्मोकबॉक्सला थोडी तपकिरी छटा द्या, चाकांच्या दांड्यांवर तेलाची ओली चमक ठेवा. वापरलेल्या इंजिनावर राख वरून खाली येते आणि धूळ खालून वर चढते, एवढे लक्षात ठेवून हात चालवला की पुरे.

घरात जागा नाही. चाळीत, छोट्या फ्लॅटमध्ये हे कसे करायचे?

बांधायला दीड फुटाचा पाट पुरतो. माझा पाट जेवणाच्या टेबलावर येतो आणि रात्री पलंगाखाली जातो. खिडकीजवळ बसा, पंखा बाहेरच्या दिशेला फिरवा, फ्लक्सचा धूर तोंडावर घेऊ नका. चालवायला सरळ चार फुटांची फळी करा, एका टोकाला शेड, दुसऱ्याला यार्ड. शंटिंगला तेवढे बास.

घरात लहान मुले आहेत.

मग शिसे आणि कमी तापमानाचे सोल्डर कुलुपात. त्यात शिसे असते, काहींत कॅडमियमही. काम झाल्यावर साबणाने हात, आणि स्वयंपाकघरातली भांडी या कामाला अजिबात वापरायची नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र शेजारी बसवा आणि रिव्हेट दाबायला द्या. माझ्या भाचीने एका टेंडरचे सगळे रिव्हेट उठवले, आणि ते माझ्यापेक्षा सरळ आले.

किती दिवस लागतात?

नोकरी सांभाळून, आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी बसलात तर पहिल्या टँक इंजिनाला पाच-सहा महिने धरा.

कोणीतरी अर्धवट सोडलेले जुने किट मिळते आहे. घ्यावे का?

चोरबाजारात, कोणाच्या माळ्यावर अशी किटे सापडतात, आणि मी ती आवडीने घेतो. आधी सगळे भाग मोजा. सूचनापत्र नसेल तर हरकत नाही, कपलिंग रॉड नसतील तर सोडून द्या. इपॉक्सीने चिकटवलेले व्हाइट मेटलचे अंग उकळत्या पाण्यात बुडवले की सांधे मऊ पडून सुटतात. सुपरग्लू असेल तर बंद बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर, ज्वाळेपासून लांब. झाळलेली वाकडी फ्रेम असेल तर टाके वितळवून पुन्हा सपाट पत्र्यावर या, सोल्डर कानशीने खरवडून काढा आणि काचेवर ठेवून पहिल्यापासून सुरू करा. मागच्या महिन्यात असेच एक जिन्टी हाती आले आहे. तिन्ही धुऱ्या वाकड्या होत्या, रॉड मात्र उत्तम. काल रात्री चेसिस पहिल्यांदा काचेवरून घरंगळली.